हिरव्या पट्ट्यातलं बाळ : नाशिकमधल्या एका नऊ महिन्यांच्या मुलीच्या आहाराचं प्रकरण

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातली ही मुलगी फेब्रुवारीच्या मध्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात आणली गेली. नऊ महिने नुकतेच भरले होते, आजार काही नव्हता. आजीचं गाऱ्हाणं एवढंच, की पोर दिवसभर किरकिरते आणि रात्री चार-चारदा उठून अंगावर पिते. वजन ६.६ किलो, लांबी ६८ सेंमी आणि दंडाचा घेर १२.७ सेंमी भरला.

हे आकडे सुटे पाहिले तर त्यात खोट निघत नाही. नऊ महिन्यांच्या मुलीचं वजन ६.५ किलोच्या खाली गेलं तर ती कमी वजनाची धरतात. ही शंभर ग्रॅम वर होती. दंड १२.५ सेंमीच्या आत आला तर मध्यम कुपोषण आणि ११.५ च्या आत आला तर तीव्र. हिचा दंड त्याही रेषेच्या वर होता. नोंदवहीत शेरा पडला ‘सर्वसाधारण’, आणि वाढीच्या कार्डावर वजनाचा ठिपका हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात.

मग माता-बाल संरक्षण कार्डावरचे मागचे ठिपके जोडून पाहिले. जन्माला २.७ किलो, सहा महिन्यांना ६.७, सातव्याला ६.७, आठव्याला ६.६, नवव्याला ६.६. या वयाच्या मुली सहा ते नऊ महिन्यांत साधारण ९०० ग्रॅम वाढतात, आणि हिने शंभर ग्रॅम गमावले होते. सहा महिन्यांची असताना ती सरासरीच्या ६०० ग्रॅम मागे होती, नऊ महिन्यांना १.६ किलो मागे. हिरवा पट्टा रुंद असतो. वरच्या कडेला असलेलं मूल खालच्या कडेपर्यंत घसरत येईस्तोवर ठिपका हिरवाच दिसतो. एका ठिपक्यावर विसंबण्यात हाच धोका आहे.

पापण्या आतून फिक्या दिसल्या म्हणून हिमोग्लोबिन तपासलं. ते ९.४ निघालं, म्हणजे रक्तक्षय. महाराष्ट्रात ही गोष्ट इतकी सर्रास आहे की कुणाला दचकायला होत नाही; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली सहा ते एकोणसाठ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती.

घरात काय चाललं होतं

आई अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली तेव्हा मुलगी साडेपाच महिन्यांची होती. सकाळी सव्वाआठला आई निघते, संध्याकाळी सहाला येते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर ठेवावं लागतं, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोनदा दूध पाजायची सुट्टी हा आईचा हक्क आहे. पण बाळ तीन किलोमीटरवर घरी असेल, तर त्या सुट्टीचा उपयोग काय? दिवसभर मुलगी आजीकडे. बाटली तेव्हापासून सुरू झाली.

वरचं अन्न सुरू व्हायला मात्र उशीर झाला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, म्हणजे सातव्यात करायचा रिवाज. सातवा लागला म्हणजे सहा पूर्ण झाले, तेव्हा हा रिवाज आणि डॉक्टरांचा सल्ला इथे अगदी जुळतात. पण मामाला सुट्टी मिळेना. मग पौष लागला आणि पौषात शुभकार्य नको म्हणून थांबले. उष्टावणाची खीर जानेवारीच्या शेवटी, आठ महिने उलटून गेल्यावर तोंडाला लागली. तोवर नियम असा होता की ‘पाणी चालतं, अन्न नको’. म्हणून डाळीचं पाणी, भाताचं पाणी आणि बाटली. उष्टावणानंतरही सगळं मिक्सरमधून काढून, वर पाणी घालून, गाळून.

“आई, डॉक्टर घट्ट द्या म्हणाले होते,” असं सून एकदा म्हणाली होती. आजीचं उत्तर तयार होतं : “अगं, दात कुठे आलेत तिला? घशात अडकलं म्हणजे?” भीती खोटी नाही, पण तिचा रोख चुकला आहे. हिरड्यांनी मऊ घास छान चिरडला जातो; दाढा येईपर्यंत वाट पाहायची तर मूल दीड वर्षाचं होईल.

एका दिवसाचा हिशेब

आदल्या दिवशी काय-काय दिलं ते वाटी-चमच्यासकट विचारलं. ‘सगळं खाते’ या उत्तरातून काही कळत नाही, भांडी समोर मांडली की कळतं. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावरचं दूध. दहा वाजता १५० मिलीची बाटली, निम्मं दूध आणि निम्मं पाणी, वर चमचाभर साखर. साडेबाराला वाटीभर डाळीचं पाणी. तीनला चहात बुडवलेली दोन ग्लुकोज बिस्किटं. पाचला पुन्हा तशीच बाटली. आठला नागलीची (नाचणीची) पेज, पेलाभर पाण्याला लहान चमचाभर पीठ.

दोन बाटल्यांत मिळून दीडशे मिली दूध आणि दोन चमचे साखर : १३० कॅलरी. डाळीचं पाणी फार तर २०. बिस्किटं ४५. पाच ग्रॅम नागली १६. एकूण २११. या वयात अंगावरचं दूध नेहमीसारखं मिळत असेल तर वरच्या अन्नातून साधारण ३०० कॅलरी लागतात. आई दहा तास बाहेर म्हणजे तेही दूध कमी झालेलं, तेव्हा ४०० तरी हव्यात. लोह तर जवळजवळ नव्हतंच. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरतो, आईच्या दुधात लोह थोडंच असतं, आणि गाई-म्हशीच्या दुधात थोडं असूनही अंगी नीट लागत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि केसीन इतर अन्नातलं लोहही शोषू देत नाहीत. एक वर्षाच्या आत गाईच्या दुधाने आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होऊ शकतो. चहातल्या टॅनिनने राहिलंसाहिलं अडवलं.

तरीही आजीचं म्हणणं खरं होतं की पोरीचं पोट भरतं. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे ३० मिलीच्या आसपास मावतं, म्हणजे हिच्या पोटात २०० मिली. पेलाभर पेज घेतली की पोट टम्म, मूल तोंड फिरवणार. तासाभरात पाणी लघवीवाटे निघून गेलं की किरकिर. रात्रीचं उठणं दाताचं नव्हतं, भुकेचं होतं.

कुकरमधला वरणाचा डबा काढून दाखवला की हे शब्दांविना समजतं. शिजलेली डाळ न घोटता पाच मिनिटं ठेवली तर वर पिवळं पाणी आणि खाली डाळ. बाळाला वरचं मिळत होतं, घरच्यांना खालचं.

काय बदललं

पहिली गेली बाटली, तीही त्याच दिवशी. तिच्या बुचात नि निपलच्या आत साय चिकटून राहते आणि लहान ब्रशनेही पूर्ण निघत नाही. दूधही बंद झालं, म्हणजे पिण्यापुरतं. दही आणि खिरीतलं चालू राहिलं. पाणी द्यायचं तर उकळून गार केलेलं, वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्यातून. गंगापूर धरणाचं पाणी नळाला शुद्ध होऊन येतं, पण ते टाकीत, माठात, हातात फिरतं. खळखळून एक मिनिट उकळणं आणि ओगराळ्याने काढणं एवढं पुरतं.

मग घट्टपणा. त्याची कसोटी सोपी आहे : चमचा तिरका केला तर अन्न ओघळून पडता कामा नये, चिकटून हळूहळू घसरलं पाहिजे. दुपारच्या खिचडीचं माप असं ठरलं. तांदूळ २० ग्रॅम (दोन सपाट मोठे चमचे थोडे कमी), मूगडाळ १० ग्रॅम, पाणी दीडशे मिली, चिमूटभर हळद, बारीक चिरलेली पालक किंवा लाल भोपळा मोठा चमचाभर. कुकरमध्ये घरच्या भाताशेजारी स्टीलच्या छोट्या डब्यात, चार-पाच शिट्ट्या. बाहेर काढून डावाने घोटायची, मिक्सर नाही. वर लहान चमचाभर तूप आणि लिंबाचे चार-पाच थेंब. मीठ घालायचं नाही. ही साधारण दीडशे ग्रॅम खिचडी होते आणि तिच्यात दीडशे कॅलरी असतात. तूप काढून टाकलं तर १०५ उरतात. ‘एवढ्याशा तुपाने काय होतंय’ असं म्हणणाऱ्याला हा फरक दाखवावा. लिंबू चवीसाठी नाही. डाळीतलं आणि भाजीतलं लोह क जीवनसत्त्वाशिवाय फारसं शोषलं जात नाही.

नागली आजीला सोडायची नव्हती आणि सोडायचं कारणही नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून येणारी नागली घरात होतीच, कॅल्शियमसाठी तिच्यासारखं धान्य नाही. अडचण तिच्या स्टार्चची. पिठी शिजली की फुगते आणि पाणी धरून बसते, म्हणून थोड्या पिठातही खीर गोळा होते. मग पाणी वाढवतात आणि वाटीत उरते पेज. यावर जुना उपाय आहे मोड आणण्याचा. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं, आणि तेवढ्याच पातळपणात दुप्पट पीठ मावतं. लोह अडवून धरणारं धान्यातलं फायटेटही कमी होतं, म्हणजे लोहाचीही थोडी सोय.

पाव किलो नागली निवडून, तीन-चार पाण्यांत धुऊन, रात्रभर भिजवायची. सकाळी पाणी काढून सुती फडक्यात सैल बांधायची. नाशिकच्या फेब्रुवारीत रात्र गार असते, तेव्हा मोड यायला दीड-दोन दिवस धरावेत; मे महिन्यात एका दिवसात येतात. फडकं कोरडं पडू द्यायचं नाही. आंबूस वास आला किंवा बुरशीचा पांढरा धागा दिसला तर सगळी टाकायची, धुऊन वाचवायची नाही. मोड पाव इंच झाले की सावलीत कडकडीत वाळवायची, चोळून मोड पाखडून टाकायचे, मंद आचेवर जेमतेम ऊन होईल इतपतच परतायची आणि दळायची. इथेच बहुतेकांचं बिघडतं. खरपूस वास येईस्तोवर भाजलं की अमायलेज मेलं. सत्त्व चवदार होतं, पण खीर पूर्वीसारखीच गोळा होते आणि मग पुन्हा पाणी. पीठ तीन आठवड्यांत संपेल एवढंच करावं.

सकाळच्या खिरीची रीत : साधं नागलीचं पीठ २० ग्रॅम, पाणी दीडशे मिली, घट्ट शिजवून उतरवायचं. बोट क्षणभर टेकवता येईल इतकं निवलं की मोड आणलेलं पीठ एक लहान चमचा घालून ढवळत राहायचं. दोन-चार मिनिटांत खीर डोळ्यांदेखत सैल होते. मग पुन्हा एक उकळी, कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. अति गरम खिरीत घातलं तर विकर काम करायच्या आधीच मरतं. वर तूप, आणि गोडीला अर्धं कुस्करलेलं केळं. साखर-गूळ नाही, मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नाही. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो.

चारला अर्धं पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळ्यासकट पांढरं, घट्ट दह्यात कुस्करून. पहिल्यांदा पाव चमचा, तेही सकाळच्या वेळी, म्हणजे पुरळ-उलटी झाली तर दवाखाना उघडा असतो. संध्याकाळी मऊ पोळी किंवा भाकरीचा आतला भाग घट्ट वरणात भिजवून. रविवारी घरी मटण-कोंबडी शिजतच होती, फक्त हिला मिळत नव्हती. आता कोंबडीचं काळीज (कलेजी) पूर्ण शिजवून, कुस्करून, मोठा चमचाभर, आठवड्यातून एकदाच, कारण त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. त्या चमच्यात सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह येतं, आणि ते पालकातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज रक्तात जातं. चातुर्मासात मांसाहार बंद असेल त्या घरांनी डाळ-लिंबाची जोडी चुकवू नये.

हे सगळं पहिल्या दिवशी खाल्लं गेलं नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाटीतलं निम्मं उरलं. नवीन चव आठ-दहा वेळा समोर यावी लागते. मांडीवर आडवं घेऊन नाक दाबून भरवणं बंद झालं; मूल ताठ बसवून, तिची वाटी वेगळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. अर्ध्या तासानंतर वाटी उचलायची.

रक्तक्षय मात्र नुसत्या खिचडीने भरून येत नाही. डॉक्टरांनी लोहाचं औषध किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे रोज २० मिलिग्रॅम, सुरू केलं. एका मिलीत किती लोह हे बाटलीगणिक बदलतं, म्हणून घरच्या चमच्याने नाही, बरोबरच्या ड्रॉपरनेच. दोन जेवणांच्या मध्ये, दुधासोबत नाही. शी काळसर होते, घाबरायचं नाही. बाटली उंचावर ठेवायची. लहान मुलाने ती गटागट प्यायली तर जिवावर बेतू शकतं. महिन्याने हिमोग्लोबिन निदान एकाने चढलं नाही, तर सिकलसेल किंवा थॅलेसेमिया यांसारखा रक्ताचा आनुवंशिक आजार शोधावा लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, तेव्हा नुसती मात्रा वाढवत बसू नये.

द्राक्षांचा हंगाम

फेब्रुवारी-मार्च म्हणजे नाशिकच्या घराघरांत द्राक्षांच्या पेट्या. जी आजी भाताचं शीत गाळून काढत होती, तीच कौतुकाने अख्खं द्राक्ष नातीच्या हातात देत होती. खरा धोका तिथे होता. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि दाबलं तर बाळाच्या श्वासनळीच्या तोंडाशी बूच बसावं तसं बसणारं. आडवे दोन काप करून उपयोग नाही, कापही गोलच राहतात. उभे चार तुकडे करायचे, आणि या वयात सालही काढायची. शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबाचे दाणे, बोरं, कच्च्या गाजराचे तुकडे हेही असेच. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. दाण्याचा बारीक कूट खिचडीत चालतो.

उबळ आणि घुसमट यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. उबळीत मूल लाल होतं, आवाज करतं, खोकतं. त्याला खोकू द्यावं. घुसमटीत आवाजच येत नाही आणि ओठ निळे पडतात. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापा. तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये, ती आणखी आत जाते.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांनी वजन ६.८. मार्चच्या मध्याला ७.१, हिमोग्लोबिन १०.५. रात्रीचं उठणं दोनावर आलं. एप्रिलच्या सुरुवातीला ७.४ भरलं आणि मग गाडी घसरली.

पारा चाळिशीकडे गेलेला. सकाळी केलेली नागलीची खीर उरली, ती ओट्यावर झाकून ठेवली आणि चारला पुन्हा दिली. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तेवढंही नाही. पातळ, कोमट खीर म्हणजे जंतूंना आयतं ताट. चार दिवस जुलाब. आणि घर पुन्हा जुन्या सवयीवर आलं : “पोटाला आराम द्या,” म्हणून पेज. उपास घडला तर आतडं भरून यायला उलट वेळ लागतो. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून रोज एक, जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस. अंगावरचं दूध चालू, खिचडीही चालू. जुलाबानंतर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. एप्रिलच्या मध्याला वजन ७.२, हिमोग्लोबिन ११.२. साठा भरावा म्हणून औषध आणखी चालू ठेवलं. ते संपल्यावर आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक अॅसिडचं सिरप, जे आशाताईंकडून मिळतं.

वर्ष भरलं तेव्हा वजन ७.७ किलो. मुलींची बारा महिन्यांची सरासरी ८.९, म्हणजे ती अजून मागेच आहे, पण रेषा वर निघाली आहे. आता घरच्याच पातेल्यातलं, कमी तिखट-मिठाचं, तीन-चार वेळा पाऊण ते पूर्ण वाटी आणि मध्ये दोनदा काहीतरी छोटं. गाईचं दूध आता चालेल, दिवसाला ४०० मिलीच्या वर नाही, आणि पेल्यातूनच. राहिलेली अडचण दाणेदार अन्नाची. नऊ-दहा महिन्यांच्या आत गुठळ्यांची ओळख झाली नाही तर पुढे मुलं त्या थुंकतात, ही तेच करते. भाताचं शीत जिभेने शोधून बाहेर काढते. त्यासाठी खिचडी दर आठवड्याला थोडी कमी घोटायची आणि रोज एक तुकडा, उकडलेल्या बटाट्याचा किंवा पिकलेल्या पपईचा, तिच्या हातात द्यायचा ठरलं आहे. पुढचं वजन जूनच्या लसीकरण सत्रात.